लंडनमध्ये गर्दीच्या बसने रोजचा प्रवास: कपडे कसे असावेत?

कृष्णाकाठ (११ ऑक्टोबर २०२५)

नमस्कार मंडळी.

सप्टेंबरच्या मध्यापासून मी शिक्षणासाठी लंडनमध्ये आहे आणि वेम्ब्लीला एका मराठी कुटुंबाच्या घरी खोली घेऊन राहते. माझे विद्यापीठ युस्टनजवळ आहे. भुयारी रेल्वेने तेथे लवकर पोहोचता येते, परंतु महिन्याचा हिशेब मांडून पाहिल्यावर १८ क्रमांकाची बस हाच मला परवडणारा मार्ग ठरला. बसचे भाडे कितीही अंतरासाठी १ पौंड ७५ पेन्स आहे आणि पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून एका तासाच्या आत दुसरी बस धरली तर तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. म्हणून वेळ जास्त लागला तरी मी बसच पकडते. सकाळी आठच्या सुमारास हार्ल्सडेनच्या पुढे बस इतकी भरते की खालच्या मजल्यावर पाय हलवायलाही जागा राहत नाही, आणि वरच्या मजल्यावर उभे राहण्यास परवानगी नसल्यामुळे उभे राहणारे सगळे खालीच दाटीवाटीने असतात.

माझी अडचण कपड्यांची आहे. साताऱ्याहून निघताना घरच्यांनी थंडीच्या काळजीने जाड गरम कपडे भरून दिले. सकाळी थांब्यावर वारा झोंबतो म्हणून मी आतून जाड थर्मल, त्यावर लोकरीचा स्वेटर आणि त्यावर जाड कोट असे सगळे घालून निघते. बसमध्ये शिरल्यावर दहा मिनिटांत घामाने भिजते. कोट काढावा तर कोपर हलवायला जागा नसते, आणि काढलाच तर तो धरायचा कुठे, हा प्रश्न असतो. मग घामेजलेल्या अंगाने युस्टनला उतरले की तोच वारा दुप्पट लागतो. गेल्या तीन आठवड्यांत दोनदा सर्दी झाली.

दुसरी गोष्ट जास्त घाबरवणारी होती. मागच्या गुरुवारी संध्याकाळी मधल्या दाराने उतरताना माझ्या ओढणीचे टोक बंद होणाऱ्या दारात अडकले. शेजारच्या बाईंनी ओरडून चालकाला सांगितले, दार पुन्हा उघडले आणि काही इजा झाली नाही, पण त्या दोन-तीन क्षणांत गळ्याला बसलेला ओढा अजून आठवतो. तेव्हापासून मी पंजाबी ड्रेस घातलेला नाही, आणि ते मला आवडलेले नाही.

तिसरी गोष्ट माझ्या आईची. दिवाळी आटोपून ती ८ नोव्हेंबरला सहा आठवड्यांसाठी येत आहे. आई ६२ वर्षांची आहे, तिने आयुष्यभर पाचवारी साडीच नेसली आहे आणि येथे आल्यावर केवळ थंडीसाठी तिने विजार घालावी असा आग्रह मी धरणार नाही. मात्र फिरायचे ते बसनेच. एस.टी.त चढण्याची तिला सवय आहे, पण अंगावर कोट, हातात मोजे आणि खाली ओली फरशी असताना साडी सांभाळण्याची नाही.

जे अनेक वर्षे येथे बसने ये-जा करीत आहेत त्यांनी कृपया सविस्तर सांगावे. दुकानांतील सल्ले बहुतेक डोंगर चढणाऱ्यांसाठी किंवा मोटारीतून फिरणाऱ्यांसाठी असतात, माझ्या उपयोगाचे फारसे नसतात.

---

हॅरोची ज्योत्स्ना (११ ऑक्टोबर २०२५)

कृष्णाकाठ, तुझे वर्णन वाचून मला माझा २०११ सालचा पहिला हिवाळा आठवला. मी चौदा वर्षे बसनेच कामावर जाते, त्यामुळे जे लिहिते आहे ते अनुभवाचे आहे.

सर्वांत आधी एक गोष्ट मनाशी पक्की कर. गर्दीच्या बसमध्ये तुझा एक हात दांड्याला असतो. म्हणजे अंगावरच्या प्रत्येक वस्तूशी जे काही करायचे ते उरलेल्या एका हाताने करता आले पाहिजे. कोट उघडणे, गळपट्टा सैल करणे, कार्ड काढणे, नाक पुसणे, थांब्याची घंटी दाबणे, हे सगळे. मी आता कोणताही कपडा विकत घेताना दुकानातच डावा हात वर धरून उजव्या हाताने त्याची चेन उघडून पाहते. बटणे घट्ट असलेला सुंदर कोट मी एकदा घेतला होता आणि बसमध्ये तो कधीच उघडता न आल्यामुळे शेवटी दुसऱ्या कोणाला तरी दिला.

आता उकाड्याविषयी. तुझी चूक थर किती घातले यात नसून त्यांच्या क्रमात आहे. तू सर्वांत जाड कपडा अंगाला लागून घातला आहेस, आणि नेमका तोच बसमध्ये काढता येत नाही. जे काढता येत नाही ते पातळ असावे आणि जे एका हाताने उघडता येते ते जाड असावे. लंडनच्या नेहमीच्या हिवाळ्यात, म्हणजे सकाळी तापमान दोन ते सहा अंशांच्या आसपास असते तेव्हा, आतून पातळ लोकरीचा किंवा पातळ थर्मलचा एक थर, त्यावर समोरून पूर्ण उघडणारा स्वेटर अथवा फ्लीस (मऊ, उबदार कृत्रिम कापडाचे जाकीट) आणि त्यावर वारा व पाऊस अडवणारा कोट एवढे पुरते. डोक्यावरून घालायचा स्वेटर बसच्या दिवशी घालू नकोस, कारण गर्दीत तो निघत नाही. अगदी अंगाला लागणारा कपडा सुती नको. घाम आला की सुती कपडा ओला होतो आणि लवकर वाळत नाही. युस्टनला उतरल्यावर तुला जो वारा दुप्पट लागतो त्याचे कारण बहुतेक तुझी ओली बनियन आहे. लोकर ओलावा शोषूनही बराच वेळ अंगाला गार लागत नाही.

कोट घेताना चेन वरून आणि खालून अशी दोन्हीकडून उघडणारी पाहा. बसमध्ये चढताना खालची चेन कमरेपर्यंत उघडायची आणि गळ्याकडची हातभर खाली आणायची. कोट अंगावरच राहतो, तो धरण्याचा प्रश्न उरत नाही आणि आतली गरम हवा निघून जाते. थांब्यावर उभी असतानाच, बस समोर दिसली की चेन उघडून कानटोपी खिशात टाक. बसमध्ये शिरल्यावर हे करायला जागा मिळेल असे गृहीत धरू नकोस. उतरतानाही आधीच्या थांब्याला पुन्हा चेन लावायला सुरुवात कर. कोटाची लांबी मांडीच्या मध्यापर्यंत असावी. घोट्यापर्यंतचा कोट वरच्या मजल्याच्या जिन्यावर पायाखाली येतो, आणि चालत्या बसचा जिना उतरताना तोल गेला तर धरायला दोन्ही हात लागतात. पिसांचा फुगीर कोटही मला या शहरासाठी पटत नाही. तो गर्दीत दोन माणसांची जागा घेतो आणि पावसात भिजला की त्याची ऊब जाते.

छत्रीचा मोह सोडून द्यावा हे माझे ठाम मत आहे. येथील पाऊस बारीक पण वाऱ्याबरोबर आडवा येणारा असतो. त्यात छत्री टिकत नाही, आणि बसमध्ये ती शेजाऱ्याच्या पायावर ठिबकत राहते. कोटालाच टोपी असावी, तीही अशी की मान वळवली तर डोळ्यांवर न येता मानेबरोबर फिरेल. नाहीतर रस्ता ओलांडताना बाजूने येणारे वाहन दिसत नाही. आणखी एक बारीक गोष्ट: येथील बसच्या आसनांना कापडाचे आवरण असते आणि आधी बसलेल्या माणसाचा ओला कोट ते शोषून घेते. पावसाळी दिवशी बसण्यापूर्वी हात लावून पाहावे.

सॅकविषयी फार लिहिण्याची गरज नाही. मुंबईच्या लोकलमध्ये करतात तसेच येथेही करावे, चढण्यापूर्वीच ती पुढे घ्यावी. कार्ड मात्र सॅकमध्ये ठेवू नये. बसमध्ये रोख पैसे २०१४ पासून घेतच नाहीत, त्यामुळे कार्ड हाताशी नसेल तर मागची सगळी रांग खोळंबते. कोटाच्या ज्या खिशात तुझा मोकळा हात सहज जातो त्यात फक्त ते एकच कार्ड ठेव. दोन कार्डे एकत्र टेकली तर भलत्याच कार्डातून पैसे जातात.

ओढणीविषयी आणि आईंच्या साडीविषयी माझ्यापेक्षा जाणकार माणसे येथे आहेत, त्यांनी लिहावे.

---

उत्तरेचा सारथी (१२ ऑक्टोबर २०२५)

मी सहा वर्षे लंडनमध्ये बस चालवतो. मूळचा कोल्हापूरचा आहे. ओढणीची घटना वाचली म्हणून लिहितो आहे.

दाराच्या कडेला दाब ओळखणारी रबरी पट्टी असते. हात, पाय किंवा पिशवी मध्ये आली तर तिच्यावर दाब पडतो आणि दार पुन्हा उघडते. परंतु ओढणीचे टोक, पिशवीचा पातळ बंद, कोटाची दोरी किंवा गळपट्ट्याची झालर इतकी पातळ असते की ती दोन्ही पट्ट्यांच्या मध्ये दबून राहते आणि दाराला काही अडकले आहे हे कळत नाही. चालकाला मधले दार कॅमेऱ्यातून व आरशातून दिसते, पण बस भरलेली असताना आणि बाहेर अंधार असताना गडद रंगाचे कापड दिसेलच असे नाही. म्हणून कृपया दाराच्या यंत्रणेवर किंवा आमच्या नजरेवर अवलंबून राहू नका. अंगापासून लोंबणारे काहीही नसावे, एवढी काळजी प्रवाशाने स्वतः घेतली तर आम्हालाही बस हलवताना निश्चिंत वाटते.

यासाठी ओढणी सोडून देण्याची आवश्यकता मला वाटत नाही. माझी पत्नी रोज पंजाबी ड्रेसमध्ये बसने जाते. ती ओढणी गळ्याभोवती गुंडाळत नाही. एका खांद्यावरून तिरपी घेऊन कमरेच्या दुसऱ्या बाजूला दोन्ही टोकांची गाठ मारते आणि वरून कोटाची चेन लावते. गळ्याभोवती फास बसेल अशी कोणतीही वस्तू मी घरात कोणालाच घालू देत नाही. लांब गळपट्ट्याऐवजी डोक्यावरून घालायचा, टोके नसलेला बंद गोल गळपट्टा मिळतो, तो घ्यावा. कोटाच्या टोपीच्या दोऱ्या लांब असतील तर आत ओढून गाठ मारावी किंवा कापून टाकाव्यात.

आता माझ्या आसनावरून दिसणारी एक गोष्ट सांगतो, जी प्रवाशांच्या लक्षात येत नाही. २६ ऑक्टोबरला घड्याळे एक तास मागे जातील आणि नोव्हेंबरपासून दुपारी साडेचार वाजताच अंधार पडू लागेल. त्या वेळी थांब्यावर काळा कोट, काळी टोपी आणि काळी विजार घातलेला माणूस पावसात मला अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. येथे हिवाळ्यात जवळजवळ सगळे काळेच घालतात. तुमच्या आईंनी पांढरा, पिवळा किंवा कोणताही उजळ गळपट्टा घ्यावा आणि बस येताना हात स्पष्टपणे पुढे करावा. सॅकला किंवा बाहीला प्रकाश परावर्तित करणारी पट्टी लावली तर फारच उत्तम.

आईंसाठी आणखी एक. येथील सर्व नेहमीच्या बस खालच्या तळाच्या आहेत, एस.टी.सारख्या तीन पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. थांब्यावर बस दाराच्या बाजूला किंचित झुकवताही येते. साडीमुळे पाऊल उचलणे अवघड वाटत असेल तर चालकाकडे पाहून हाताने खूण करावी, आम्ही बस खाली घेतो. चढल्यावर पुढच्या भागातील प्राधान्याची आसने मागायला संकोच करू नये. आणि त्या बसल्याशिवाय बस सोडू नका असे म्हटले तर आम्ही थांबतो. ते आमच्या कामातच येते.

पादत्राणांविषयी तळमळीने सांगतो. पावसाळी दिवशी बसची फरशी ओली असते आणि मी ब्रेक लावतो तेव्हा गुळगुळीत तळव्यांचे बूट घातलेली माणसेच सर्वांत आधी घसरताना मी आरशात पाहतो. तळवा रबराचा, नक्षी खोल असलेला आणि टाच बसकी असावी. लेस असेल तर दुहेरी गाठ मारावी, कारण गर्दीत सुटलेली लेस वाकून बांधता येत नाही.

---

दोन नद्यांपार (१२ ऑक्टोबर २०२५)

येथे टोरांटोहून वाचणारी मुलेही असतील, त्यांच्यासाठी थोडे लिहिते. ज्योत्स्नाताईंचा पातळ थराचा सल्ला लंडनसाठी योग्य आहे, पण आमच्याकडे जानेवारीत कधी कधी उणे पंधरा-वीस अंशांवर थांब्यावर वीस मिनिटे उभे राहावे लागते आणि तेथे तो जशाचा तसा वापरू नये. आमच्याकडे पायांना जाड थर्मल लागतोच. उबेची तडजोड फक्त कमरेच्या वर, जेथे चेन उघडता येते तेथे करावी. दुसरा फरक रस्त्यावरील मिठाचा. बर्फ वितळवण्यासाठी टाकलेले मीठ बुटांना चिकटून बसमध्ये येते आणि उभ्या माणसांच्या पायांतून ते साडीच्या काठाला, विजारीच्या कडेला लागते. त्याचे पांढरे डाग ताजे असताना ओल्या फडक्याने पुसावेत, वाळले की चामड्यावरून जाणे अवघड होते.

---

विल्सडेनच्या आजी (१४ ऑक्टोबर २०२५)

चि. कृष्णाकाठ, अनेक आशीर्वाद.

मी १९७४ साली लग्न होऊन लंडनला आले आणि आजही साडीच नेसते. एकावन्न हिवाळे साडीत काढले आहेत, म्हणून तुझ्या आईसाठी लिहिण्याचा अधिकार मला आहे असे समजते.

त्या काळी मागच्या बाजूला दार नसलेल्या, उघड्या चौथऱ्याच्या बस होत्या. नेहमीच्या मार्गांवरून त्या २००५ सालच्या डिसेंबरमध्ये गेल्या. चौथऱ्यावर उभे राहिले की वारा थेट निऱ्यांत शिरत असे, आणि एका हाताने दांडा व दुसऱ्या हाताने साडी धरून कंडक्टरला पैसे द्यायचे म्हणजे कसरतच होती. वरच्या मजल्यावर तेव्हा धूम्रपानाला परवानगी असल्याने आम्ही बायका वर जात नसू, कारण साडीला आणि केसांना लागलेला वास दोन दिवस जात नसे. त्या दिवसांत मी जे शिकले ते आजच्या बंद, गरम बसमध्येही उपयोगी पडते.

पहिली गोष्ट परकर. येथे आलेल्या बायका घसरता, नायलॉनचा परकर घेतात, कारण तो हलका असतो. तो हिवाळ्यात वापरू नये. आत लोकरीची किंवा थर्मलची तुमान, त्यावर नायलॉन आणि त्यावर कृत्रिम धाग्याची साडी असे झाले की कोरड्या थंड हवेत सगळे एकमेकांना आणि पायांना चिकटते, पाऊल टाकताना साडी पोटऱ्यांत गोळा होते आणि बसच्या दारात पाय अडखळतो. आत घोट्यापर्यंतची तुमान आणि त्यावर साधा, थोडा घेरदार सुती परकर असावा. परकर नेहमीपेक्षा चार बोटे आखूड शिवून घ्यावा, म्हणजे खालची कड भिजत नाही. सुती कपडा अंगाला लागून नको असे वर ज्योत्स्नाने म्हटले आहे ते बरोबर आहे. परकराखाली तुमान असल्यामुळे तो अंगाला लागत नाही, म्हणून येथे सुती चालतो.

साडी दोन बोटे वर नेसावी. घरात टाचेवर पडणारी साडी शोभून दिसते, पण बससाठी काठ बुटाच्या वरच्या कडेला टेकला पाहिजे, जमिनीला नाही. निऱ्या नेहमीपेक्षा कमी आणि रुंद घ्याव्यात, आणि सगळ्या निऱ्या मिळून एक मोठी सेफ्टी पिन कमरेच्या वीतभर खाली आतल्या बाजूने परकराला लावावी. गर्दीत कोणाचा पाय काठावर पडलाच तर निऱ्या सुटून येत नाहीत, फार तर थोडा ओढा बसतो. पदर खांद्यावर पिन करून उरलेला भाग मागून उजव्या कुशीखालून पुढे घ्यावा आणि डाव्या कमरेला खोचावा. शेतात किंवा सैपाकघरात काम करताना आपल्या बायका खोचतात तसाच. वरून कोट आला की तो दिसतही नाही आणि दारात जाण्याची भीती राहत नाही.

कापड कोणते हे तुझी आई ठरवेल, पण मला विचारशील तर रोजच्या बससाठी जाडसर सिल्क किंवा लोकरमिश्रित साडी बरी. सुती साडी पावसात एकदा भिजली की दिवसभर ओली राहते. पैठणी किंवा जरीची साडी बसमध्ये नेसून जाऊ नये. लोकांच्या सॅकच्या चेनमध्ये अडकून जरीचा एक धागा ओढला गेला तर तो पुन्हा बसत नाही, आणि हे मी माझ्या आईने दिलेल्या साडीवर सोसले आहे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे आहे. तेथील कार्यक्रमांना आम्ही वर्षानुवर्षे बसने जात आलो, आणि आमच्यापैकी बहुतेक जणी भारी साडी घडी करून पिशवीत नेत असू व तेथे पोहोचून नेसत असू. निऱ्या घरीच करून, चिमटे लावून, तशाच अलगद गुंडाळून न्याव्यात, म्हणजे तेथे पाच मिनिटांत साडी नेसून होते. कोल्हापुरी चपलाही त्याच पिशवीत.

साडीसाठी कोट वेगळा लागतो हे मात्र लक्षात ठेव. मांडीपर्यंतचा कोट निऱ्यांवर येऊन थांबतो, त्या पुढे फुगतात आणि वारा खालून शिरतो. तुझ्या आईसाठी गुडघ्याच्या किंचित खाली येणारा, खालच्या बाजूला घेर असलेला कोट घे. दोन्हीकडून उघडणारी चेन येथे अधिकच महत्त्वाची आहे, कारण बसमध्ये चढताना खालची चेन गुडघ्याच्या वरपर्यंत उघडली नाही तर पाऊल उचलत नाही. कोट घेताना तिला साडी नेसवूनच दुकानात ने. आल्याबरोबर दुसऱ्या दिवशी हे करावे, कोट आधी आणून ठेवू नये.

मंगळसूत्र आणि गळ्यातली साखळी कपड्याच्या आत असू दे. दोन कारणे आहेत. पदकाच्या वाट्या पिशवीच्या बंदात अडकतात आणि घाईत ओढले की सर तुटतो. शिवाय आपल्या घरांत सोने असते हे येथील चोरांनाही ठाऊक आहे, दिवाळीच्या सुमारास पोलीसही सावध करतात. गळ्यातले पूर्ण काढून ठेवण्याची गरज नाही, गोल गळपट्ट्याखाली ते झाकले जाते.

एक शेवटचे. वर कोणी लिहिलेले नाही, पण अनेक मुली मला विचारतात की साडी किंवा पंजाबी ड्रेस घातला की बसमध्ये लोक पाहतात, मग तो सोडून द्यावा का. पन्नास वर्षांत मला दोन-तीनदा वाईट बोलले गेले, आणि त्या प्रत्येक वेळी चूक बोलणाऱ्याची होती. माझ्या साडीची नव्हती. असे झाले तर खालच्या मजल्यावर चालकाजवळ येऊन उभे राहावे आणि त्याला सांगावे. कपडा बदलायचा तो पावसासाठी, गर्दीसाठी, पायऱ्यांसाठी बदलावा.

---

कृष्णाकाठ (२३ नोव्हेंबर २०२५)

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिले याबद्दल मी ऋणी आहे. सहा आठवडे झाले, म्हणून काय झाले ते कळवते.

थरांचा क्रम उलटवल्यापासून मला बसमध्ये घाम आलेला नाही. साताऱ्याहून आणलेले जाड थर्मल आता केवळ रात्री घरात घालते. दोन्हीकडून उघडणारी चेन असलेला कोट एका धर्मादाय संस्थेच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात २२ पौंडांत मिळाला. विद्यार्थ्यांनी नवा घेण्यापूर्वी अशी दुकाने नक्की पाहावीत. ओढणी सारथीदादांच्या पत्नींप्रमाणे तिरपी बांधते आणि आठवड्यातून दोन दिवस पंजाबी ड्रेस पुन्हा सुरू केला आहे. एका तासाच्या नियमाचाही मी वेगळा उपयोग करू लागले आहे. बस असह्य भरली की मध्येच उतरते, थांब्यावर दोन मिनिटे हवा घेते आणि मागची बस पकडते. निघाल्यापासून तास झालेला नसेल तर त्याचे जादा पैसे पडत नाहीत.

आई आली. आजींच्या सांगण्यानुसार परकर तिने साताऱ्याहूनच चार बोटे आखूड शिवून आणले. कोटासाठी साडी नेसून गेलो तेव्हा पहिले तीन कोट निऱ्यांवर अडकले आणि चौथा बसला, त्यामुळे आधी आणून ठेवला नाही याचे समाधान वाटले. तिने पिवळा गळपट्टा निवडला. परवा थांब्यावर तिने हात पुढे केला, चालकाने बस झुकवली, आणि ती इतक्या सहज चढली की मला तिचा हात धरावा लागला नाही.

एकच अडचण उरली आहे. आईच्या पायांत चांदीची जोडवी आणि मासोळ्या आहेत. बंद बुटात दोन तास झाले की बोटे दुखतात, आणि ब्रेक लागताना तिचे सगळे वजन पुढे बोटांवर येते तेव्हा ती कळवळते. त्या काढण्याची तिची इच्छा नाही. आजी, आपण काय केले?

---

विल्सडेनच्या आजी (२४ नोव्हेंबर २०२५)

मासोळ्या काढून जपून ठेवाव्यात. त्यांचे टोक लोकरीच्या मोज्यात अडकते आणि शेजारच्या बोटाला कापते. जोडवी काढायला नकोत, फक्त जाड वेढ्यांची बदलून साधी, चपटी, एका वेढ्याची घालावीत. वेम्ब्लीच्या इलिंग रोडवर आपल्या लोकांच्या दागिन्यांच्या दुकानांत चौकशी कर. आईला सांग, मीही १९७४ च्या डिसेंबरात हेच केले आणि माझ्या सासूबाईंनी पत्राने तशी संमती दिली होती.

बूट पुढून रुंद आणि अर्ध्या मापाने मोठे घ्यावेत. जोडव्यांवर आधी पातळ मोजा आणि त्यावर लोकरीचा मोजा घालावा, म्हणजे चांदी थेट बुटाला लागत नाही. बूट संध्याकाळी घ्यायला जा, सकाळी नको. दिवसभर चालून पाय थोडे सुजलेले असतात तेव्हाच खरे माप कळते. आणि बसमध्ये तिला पुढे तोंड करून नव्हे, दांड्याला पाठ किंवा खांदा टेकवून, पाय थोडे फाकवून आडवे उभे राहायला शिकव. मग ब्रेक लागला की वजन बोटांवर न येता पूर्ण तळव्यावर येते.